सगळ्या चौकटींत बरोबरची खूण

१

मंडळी, जरा पुढे सरका. अजून. लाजू नका, चावत नाही मी, चावायला दात चारच उरलेत. मला मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून म्हणतो.

आणि शेवट काय होणार ते आत्ताच ओळखून ठेवा. जो ओळखेल त्याला माझ्याकडून चहा. आजवर एकालाही पाजावा लागलेला नाही, म्हणून तर एवढा बिनधास्त बोलतोय. एवढं सांगतो, गोष्टीत कोणी मरत नाही. जो मेलाय तो आधीच मेलाय. सगळं छान होतं. पण फुकट होत नाही. किंमत कोणीतरी मोजतो. कोण आणि काय, लावा डोकं.

मला भोंगा म्हणतात. चाळीस वर्षं हातगाडीवर भोंगा लावून गल्लोगल्ली ओरडत फिरलो. साबण, सर्कस, हरवलेली म्हातारी, सापडलेली म्हातारी, जे असेल ते. वाचता येत नाही. सही येते, तीही आज एक आणि उद्या दुसरी. पण माणसाचा आवाज एकदा ऐकला की माझ्या गळ्यात जाऊन बसायचा. पोस्टमास्तरच्या आवाजात पोस्टमनला झापलंय मी. न्हाव्याला त्याच्याच बायकोच्या आवाजात हाक मारून अर्धी दाढी टाकून पळायला लावलंय. खुर्चीतलं गिऱ्हाईक मीच होतो. अर्धी दाढी घेऊन हसत बसलो.

एकच खोडी अंगाशी आली. माझी मोठी बहीण, आक्का. तिचे यजमान, आमचे दाजी, मालाच्या जहाजावर इंजिनाच्या खोलीत कामाला. आठ-आठ महिने बाहेर. एकदा मी तिच्या दाराबाहेर उभा राहून दाजींच्या आवाजात म्हटलं, "ऐकतेस ना?" ती पिठाच्या हातानं धावत आली. मी हसलो. तीही हसली. म्हणून पुढच्या महिन्यात परत केलं. या वेळी ती धावत आली, मला बघितलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. रडली नाही. नुसती बसली, हाताचं पीठ वाळेपर्यंत.

त्यानंतर दाजींचा आवाज मी कधी काढला नाही. माझ्या मर्जीनं तरी नाही.

२

आक्कालाही वाचता येत नाही. म्हणून दाजी जहाजावरून पत्र नाही, कॅसेट पाठवायचे. टेप समोर ठेवून बोलायचे. मागं इंजिनाची घूंघूं. प्रत्येक बोलण्याची सुरुवात एकच, "ऐकतेस ना?" दाजी जाऊन एकवीस वर्षं झाली. कॅसेटांपैकी एकच उरली, अकरा बोलण्यांची. तीही चिकटायला लागलेली.

यंदा आक्काच्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा डोळा तर आधीच गेलेला, हा उजवा. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी आत हवेचा फुगा सोडला आणि मला दम भरला, "दहा दिवस तोंड जमिनीकडे. झोपताना, खाताना, बसताना. फुगा पडद्याला दाबून धरतो. मान वर केली की फुगा सरकणार, पडदा सुटणार. मग माझ्याकडे आणू नका, मला काही करता येणार नाही."

आक्काला दहा मिनिटं एका जागी बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. मी जुन्या खुर्चीची बसायची वेताची जाळी कापली, ती भोकाची खुर्ची पलंगाच्या डोक्याला बांधली, भोकाला उशी लावली. त्या भोकात तोंड घालून आक्का पालथी. खाली नुसती फरशी. पहिल्या अर्ध्या तासात तिनं सात वेळा मान उचलली.

"भोंग्या, दूध उतू जातंय का रे?"

"दूधच नाहीये घरात. मान खाली."

"दारात कोण आहे?"

"यम आहे. तू पालथी दिसलीस, ओळखलं नाही, परत गेला. मान खाली, आक्का!"

ती हसली आणि हसताना मान वर. मी हातानं दाबून खाली केली.

तेव्हा ती भोकातून म्हणाली, "तुझ्या दाजींचं ते लाव की. मी हलणार नाही, शप्पथ."

३

आक्काकडे टेप मेलेला. सीडीचं एक यंत्र होतं, गाण्याच्याच सीड्या वाजवणारं, दुसरं काही न कळणारं. अगदी माझ्यासारखं. आमच्या घरी, म्हणजे पलीकडच्या गल्लीत, सूनबाईचा जुना कॉम्प्युटर. त्यात तिनं ते लिनक्स घातलेलं, पेंग्विनचं चित्र असलेलं. दाजींची कॅसेट तिनं वायर लावून त्यात भरून घेतली. अकरावं बोलणं भरलं आणि फीत तुटली. म्हणजे आता दाजी त्या डब्यात, आणि डब्यातून सीडीवर काढायचे होते. तेवढ्यात सूनबाईला ऑफिसच्या कामानं दहा दिवस बाहेरगावी जावं लागलं. मुलगा तर नोकरीला परगावीच असतो. राहिलो मी, आणि आक्कापाशी बसायला शेजारीण.

सूनबाई माझ्यासाठी कागदावर चित्रं काढून गेली. आधी पेंग्विन. मग गोल सीडी. मग बटण. पोरगी हुशार, पण घाईत होती.

गोल सीडीची दोन चित्रं निघाली. एकावर कागद, एकावर गाण्याची खूण. मी कागदवाली दाबली, म्हटलं महत्त्वाची दिसते. डबा घरघरला, सीडी बाहेर आली. खालून बघितलं तर मधोमध गडद कडं उमटलेलं, चहाच्या पेल्याचं टेबलावर उमटतं तसं. आक्काच्या यंत्रात घातली, तर हूं का चूं नाही.

फोन लावला.

"अहो बाबा, नुसत्या फायली चढल्या त्या. आक्कांच्या यंत्राला फायली कळत नाहीत. सुराची खूण असलेली निवडा."

सुराची निवडली. आता एक पाटी उघडली. तिच्यावर एका आकड्याची चौकट, त्यात दोन, शेजारी वर-खाली बाण. आणि त्याखाली चार रिकाम्या चौकटी, प्रत्येकीपुढे इंग्रजीत काहीतरी. एकीला टिचकी मारली तर तिच्यात बरोबरची खूण उमटली.

मला किती बरं वाटलं सांगू! शाळेत मी दोन वर्षं काढली. मास्तरांनी माझ्या पाटीवर बरोबरची खूण एकदाच केली होती, तीही शेजारच्याची पाटी समजून. इथं चार मिळत होत्या, फुकट. मी चारही चौकटींत खुणा केल्या. जेवढ्या खुणा जास्त, तेवढं काम पक्कं. तुम्ही काय केलं असतं?

पडद्यावर हिरवी पट्टी सरकत सरकत टोकाला गेली. घंटी वाजली. डब्यानं जीभ बाहेर काढली, जिभेवर सीडी. झालं!

४

यंत्रात घातली, बटण दाबलं, खुर्ची ओढून आक्काच्या डोक्याशी बसलो. यंत्राच्या काचेवर दोन हिरवी अक्षरं आली. मला काय कळणार? बसून राहिलो.

जरा वेळ काहीच नाही. मग घूंघूं.

"ऐकतेस ना?"

आक्काचा खांदा हलला. मग तिचं सगळं अंग सैल पडलं, ओला कपडा दोरीवर टाकल्यासारखं. दाजी बोलत होते. बंदरावर एक कुत्रा आहे, तो फक्त निळ्या बुटांवर भुंकतो. स्वयंपाकी रोज मीठ विसरतो. मला सगळं पाठ होतं, मधले खोकलेसुद्धा. मला इतकं हलकं वाटलं की तिथंच डुलकी लागली.

जागा झालो तेव्हा पहिलं बोलणं संपलेलं. दुसरं सुरू व्हायला दोन सेकंदांची जागा असते. त्या जागेत, घूंघूं नसताना, अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"मान खाली."

आक्का भोकातून म्हणाली, "हो हो, खालीच आहे."

मग दुसरं बोलणं. "ऐकतेस ना?"

आता मंडळी, ती कॅसेट मी हजार वेळा ऐकलीय. तिच्यात 'मान खाली' नाही. जहाजावरचा माणूस बायकोला मान खाली कशाला सांगेल? म्हटलं, झोपेत ऐकलं असेल. पाणी प्यायलो, घसा कोरडा पडला होता. मग दुसरं बोलणं संपायची वाट बघत बसलो, डोळे टक्क उघडे ठेवून.

"उजवीकडे सरकू नकोस. बरं चाललंय."

५

माझं डोकं काही रिकामं नाही. मी म्हटलं, मला कोणीतरी बनवतंय. चाळीस वर्षं गावाला बनवलं, कधीतरी उलटणारच. सूनबाईच्या जेवणाच्या डब्यात मी दोनदा रबरी पाल ठेवली होती. तिनंच कोणाकडून तरी आवाज भरून घेतला असणार. दोन दिवस ऐकून घेतलं.

फोन लावला. "सूनबाई, दोन बोलण्यांच्या मधे काय घातलंयस?"

"मधे? काही नाही बाबा. दोन सेकंद शांतता असते. नको असेल तर त्या आकड्याचं शून्य करा, खालचा बाण दाबून."

"आणि शांततेत कोणी बोललं तर?"

"तुम्ही औषध घेतलंत ना आज?"

आक्काला शेजारणीच्या ताब्यात देऊन घरी गेलो. बाण दाबला, दोनाचा एक, एकाचं शून्य. चारही खुणा पुन्हा टिच्चून मारल्या. घंटी, जीभ, नवी सीडी. आता मधे जागाच नाही, बोला कुठं बोलता ते!

परत आलो तर शेजारीण कपाळावर हात मारून उभी. "तुम्ही गेलात आणि यंत्र बंद पडलं. चार वेळा बटण दाबलं. या बाई आता उठतात की मग!"

आक्का भोकातून कुरकुरली, "रोजचंच आहे. तू बाहेर गेलास की हे बंद पडतं. आलास की चालू. तुझ्यासारखंच कामचुकार."

मी म्हटलं, फरशी हलते, वायर ढिली असेल. वायर दाबली. फरशीवर पाय आपटून बघितलं. नवी सीडी घातली, खुर्चीत बसलो, आणि दाजी सुरू.

मधली जागा आता नव्हती. म्हणून ते बोलण्याच्या मधेच बोलले. निळ्या बुटांच्या कुत्र्याचं सांगता सांगता सुरात खंड न पडता म्हणाले, "शिंक येतेय तुला. नाक दाब. मान तशीच."

आक्कानं नाक दाबलं. शिंक जिरली.

शिंक तिला आली होती. मला कळलं नव्हतं, आणि शेजारीण तर तिच्या घरी गेली होती.

६

पण खरं सांगू? चार-पाच दिवसांत सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, मला तर माझ्या सासूचीही झाली होती. आक्का हलत नव्हती. डॉक्टरीणबाई घरी येऊन बॅटरीनं डोळा बघून गेल्या, म्हणाल्या, "अशी शहाणी पेशंट मी बघितली नाही." मी आतल्या आत फुगलो. कोण बोलतंय, कुठून बोलतंय, असू दे की. चाललंय ना!

फक्त माझा घसा. रोज थोडा जास्त खरवडल्यासारखा. गरम पाणी, मध, लवंग, सगळं झालं. वाटलं, फरशी थंड आहे.

नवव्या दिवशी दुपारी सूनबाईचा फोन. दाजी मागं चालूच होते.

"बाबा, सीडी नीट वाजते ना? कुठल्या चौकटींत खूण केलीत?"

"सगळ्या."

ती खळखळून हसली. "सगळ्या? शेवटचीतसुद्धा?"

"पैकीच्या पैकी."

"अहो, शेवटची तालमीची असते! म्हणजे डबा नुसतं लिहिल्याचं सोंग करतो. पट्टी सरकते, घंटी वाजते, पण आतला लिहिणारा दिवा बंद. सीडीवर काहीच उमटत नाही."

"वाजतेय की."

"कशी वाजेल? कोरी आहे ती. यंत्राच्या काचेवर काय दिसतंय?"

मला अक्षरं येत नाहीत, चित्र सांगितलं. "पहिलं मोडक्या घडीच्या खुर्चीसारखं. दुसरं शून्य."

ती हळू म्हणाली, "बाबा, ते इंग्रजी 'नो' आहे. यंत्र म्हणतंय की आत सीडीच नाही. तुमच्याकडे आधीची असेल ना? खालून बघा. लिहिलेली असेल तर गडद कडं दिसेल. आणि हे मागं कोण बोलतंय? तुम्ही बोलताय का?"

"मी तुझ्याशी बोलतोय."

"हो, म्हणजे... तुम्ही बोलता तेव्हा ते थांबतं."

मी फोन ठेवला.

७

खोलीत ऊन होतं. पलंगाच्या पायाशी आक्काच्या सपाता, जोडीनं. भिंतीपलीकडे कोणीतरी भांडी घासत होतं. सगळं अगदी सरळ, धुतल्यासारखं.

टेबलावर माझ्या दोन सीड्या. फायलीवाली उलटी केली, गडद कडं होतं. दुसरी, दोन सेकंदांवाली, पहिले दोन दिवस वाजलेली. ती उलटी केली.

कोरी. आरशासारखी कोरी. कड्याचा मागमूस नाही. तिच्यात माझं तोंड दिसत होतं, चार दात, वाढलेली दाढी, मधोमध भोक.

यंत्रातून दाजी म्हणाले, "ऐकतेस ना?"

आणि सीडीतल्या माझ्या तोंडाचे ओठ हलले.

मी बोलत नव्हतो, मंडळी. गळ्याला हात लावला, तर आत घूंघूं. बोटांना कळत होतं, कानाला यंत्रातून ऐकू येत होतं. इंजिन माझ्या छातीत चालू होतं. जिभेला काही पत्ता नव्हता, ती तर भाड्यानं दिल्यासारखी.

मी दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबले.

यंत्र बंद.

काय बरं वाटलं! एवढं शांत मला जन्मात वाटलं नव्हतं. माझं तोंड माझं. झाला प्रकार, आता यंत्राची वायर ओढायची आणि बाहेर पडायचं.

"बंद का पडलं?" आक्का म्हणाली. "अगं बाई. संपलं?" आणि तिनं हातांवर जोर दिला. खुर्चीच्या भोकातून तिचं कपाळ वर यायला लागलं. पांढऱ्या पट्टीची कड दिसली. "भोंग्या, आहेस का तू? कोणी बोलत का नाही?"

मी हातांच्या आडून म्हटलं, "म्हान्न खाल्ली." तिला काय कळणार! मान अजून वर. फुगा सरकेल तर सरकेल एका क्षणात. एकच डोळा. आणि मला तो उंबरा आठवला, आणि तिच्या हातावरचं पीठ.

मी हात काढले. मांडीवर ठेवले. तोंड उघडून बसलो, जसं दात काढायला डॉक्टरपुढे बसतात.

"आहे मी," दाजी म्हणाले. "मी कुठं जातोय? खाली. अजून थोडी. हं, तशी."

कपाळ भोकात गेलं. आक्कानं मोठा सुस्कारा सोडला.

त्या दिवशी मी ऊन उतरेपर्यंत हललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अकरा बोलणी संपली की पुन्हा पहिल्यापासून. मधेमधे ते तिच्याशी जे बोलले ते कॅसेटवर नव्हतं, आणि ते मी तुम्हाला सांगणार नाही. माझ्या तोंडून गेलं असलं तरी ते माझं नव्हतं. सीडीचा आरसा मी पालथा घालून ठेवला होता.

८

दहाव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली. आक्कानं डोळा मिचकावला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला, आणि माझ्यावर आणून थांबवला.

"दाढीला चहा लागलाय मेल्याच्या," ती म्हणाली.

सूनबाई नुकतीच गाडीनं येऊन पोचली होती. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडदा चिकटला, आता घाबरायचं कारण नाही. मला एवढं मोकळं वाटलं की मी त्या बाईंच्या खुर्चीवरच बसलो.

घरी आल्यावर सूनबाईनं नीट सीडी केली. सुराची निवडली, शेवटच्या चौकटीतली खूण काढली, वेग कमी ठेवला. खालून गडद कडं उमटलेलं. यंत्रात घातली तर काचेवर आकडा आला, एक, आणि दाजी बोलले. कुत्रा, निळे बूट, मीठ विसरणारा स्वयंपाकी. मी खोलीबाहेर गेलो, तरी बोलत राहिले. अकरा बोलणी, त्याहून एक अक्षर जास्त नाही.

आक्कानं ऐकलं, मान डोलावली. सूनबाई चहा ठेवायला गेल्यावर मला जवळ बोलावलं.

"मला काय कान नाहीत?" ती कुजबुजली. "पहिल्याच दिवशी ओळखलं मी. यंत्र टेबलावर, आणि आवाज तुझ्या खुर्चीतून. जन्मात एक खोडी कामाची केलीस, भोंग्या. त्या जुन्या खोडीचं मी सोडून दिलं, जा."

मी मान हलवली.

"पण शेवटी शेवटी जे बोललास ना," ती म्हणाली, "ते तुला कसं माहीत? असू दे. एकदा काढ परत. एवढंच, 'ऐकतेस ना'. आता डोळ्यानं बघत ऐकते."

मी तोंड उघडलं. आक्कासाठी उघडलं, माझ्या मर्जीनं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. हवा आली. नुसती हवा, सायकलच्या नळीतून निघते तशी. दाजी नाही आले, न्हाव्याची बायको नाही आली, पोस्टमास्तर नाही आला. शेवटी मी मला हाक मारून बघितलं. मीही नाही आलो.

गळ्याच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. म्हणाले, रोग काही नाही. झिजलाय. दहा दिवस न थांबता कोणी बोलत राहिलं तर झिजेल तसा. परत यायचा नाही, कुजबुज तेवढी राहील.

गल्लीत पोरंटोरं अजून ओरडतात, "ए भोंगा!"

मी हात वर करतो.